बारगीर, मु. पो. सुदामा नगर

पन्नाशी उलटलेल्या मराठी माणसाने काय करावं, याची इंदूरच्या सुदामा नगरात एक अलिखित यादी आहे. पहाटे रणजित हनुमानापर्यंत पायी जावं आणि येताना पोहे-जिलेबी खाऊन चालण्याचा हिशेब बरोबरीत सोडवावा. हार्मोनियम आणावी. होमिओपॅथीचं पुस्तक आणून नातेवाइकांवर प्रयोग करावेत. गोळ्या गोड असल्यामुळे कोणी तक्रार करत नाही. नर्मदा परिक्रमेचा संकल्प सोडावा आणि दर वर्षी त्याचं नूतनीकरण करावं. अगदीच उत्साह उतू जात असेल, तर वास्तुशास्त्र. या यादीत ट्रक कुठेच बसत नाही. मुळात तो आमच्या गल्लीतही बसत नाही.

त्यामुळे 2024 च्या भाऊबीजेला सासूबाईंकडे पंगत बसलेली असताना आमचे साडूभाऊ जेव्हा म्हणाले, "मी हेवी लायसन्स काढतोय, ट्रक चालवणार आहे," तेव्हा कोणाच्या हातातला घास कुठे थांबला हे मी नीट पाहून ठेवलं. मेव्हण्याचा ओठाशी. माझ्या बायकोचा आमटीत. सासूबाईंनी "बासुंदी वाढू का?" असं विचारलं. त्यांना जे ऐकायचं नसतं त्यानंतर त्या नेहमी बासुंदी वाढतात. साडूंचं जावईपण पंचवीसेक वर्षांचं आहे आणि शुगर काठावर आहे. दोन्हींचं कारण एकच असावं.

सासऱ्यांनी मात्र मुद्द्याचा प्रश्न विचारला. "कुणाचा ट्रक?"

"कुणाचाही. पगारावर."

इथे खरी पंगत उठली. स्वतःचा ट्रक असता तर तो ट्रान्सपोर्टचा व्यवसाय झाला असता. दोन असते तर साडू उद्योजक झाले असते आणि मराठी समाजाच्या कुठल्या तरी कार्यक्रमात त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला असता. पण दुसऱ्याच्या ट्रकच्या स्टेअरिंगमागे बसणं म्हणजे ड्रायव्हर. आमच्याकडे अपघाताची भीती कोणालाच वाटली नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. सगळ्यांना भीती होती ती लग्नपत्रिकेत काय छापायचं याची. साडूंची मुलगी तेव्हा तेवीस वर्षांची होती.

साडूंचं अगदीच काही डोकं फिरलेलं नव्हतं. ते एम.कॉम. आहेत आणि पीथमपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होते. पीथमपूर म्हणजे ट्रकचं माहेरच. आयशरचे ट्रक 1986 पासून तिथे बनतात. गाड्यांची परीक्षा घ्यायला केंद्र सरकारने तिथेच नॅट्रॅक्स नावाचा 11.3 किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक बांधला आहे, ज्यावर गाडी सुसाट सोडली तरी ती कुठेच पोचत नाही. या गावात साडूंनी आयुष्यभर बिल्ट्या फाडल्या, ई-वे बिलं काढली, धर्मकाट्याच्या पावत्या जुळवल्या. हजारो ट्रक त्यांनी कागदावर गुवाहाटीपासून कोचीपर्यंत धाडले, पण स्वतः एकाच्याही पायरीवर पाय ठेवला नाही. मग कारखान्यात एक नवं सॉफ्टवेअर आलं. त्याला पी.एफ. द्यावा लागत नाही आणि ते गणपतीत रजा मागत नाही. साडू हिशेब घेऊन घरी आले, दोन महिने अन्नपूर्णा मंदिराच्या दारातले हत्ती बघत बसले आणि एके दिवशी त्यांच्या डोक्यात असं आलं की सॉफ्टवेअर बिल्टी फाडू शकतं, ट्रक मात्र अजून चालवत नाही.

आता सासऱ्यांविषयी. ते इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. इंदूरच्या प्रत्येक मराठी घराप्रमाणे त्यांचेही पूर्वज मल्हारराव होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आले. इंदुरात जितक्या घरांचे पूर्वज मल्हाररावांबरोबर आले आहेत ते सगळे खरोखरच आले असते, तर लढाईच्या मैदानात शत्रूला उभं राहायला जागा उरली नसती. पण सासऱ्यांचं प्रकरण अस्सल असावं, कारण ते फार मोठं सांगत नाहीत. भाऊबीजेच्या दुपारी ते खिन्नपणे म्हणाले, "ज्या घराण्यातली माणसं घोड्यावर बसून नर्मदा ओलांडून आली, त्या घराण्याचा जावई..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सुपारीबरोबर चावलं.

तेवढ्यात साडूंच्या मुलीने अगदी निरागसपणे विचारलं, "आजोबा, ते शिलेदार होते की बारगीर?"

प्राध्यापकाला कोणी शंका विचारली की तो भान विसरतो. "बारगीर," सासरे म्हणाले. "शिलेदाराचा घोडा स्वतःचा असायचा. बारगिराचा सरकारी. घोडा मालकाचा, दाणा-वैरण मालकाची, हा नुसता बसणार. महिन्याचा पगार घेणार, सांगतील त्या मुलखात जाणार, रात्री घोड्याशेजारीच..." आणि ते थांबले. आपण कशाचं वर्णन करतोय हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवशी बासुंदी त्यांनाही वाढली गेली.

घरचा विरोध असा जरा ढिला पडला, तोच त्या आठवड्यात सुप्रीम कोर्टाने साडूंच्या बाजूने हस्तक्षेप केला. निदान आमच्या पोह्याच्या टपरीवर तरी त्याचा तसाच अर्थ लागला. 6 नोव्हेंबर 2024 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला, की साध्या मोटारीचं लायसन्स असलेल्या माणसाला साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला वेगळी परवानगी लागत नाही. वाद होता विमा कंपन्यांचा. अपघात झाला की त्या 'ड्रायव्हरकडे तसं लायसन्सच नव्हतं' म्हणून हात वर करायच्या. पण फुटी कोठीच्या चौकात एवढ्या खोलात कोण जातो? "भिया, म्हणजे आपण सगळेच ट्रक ड्रायव्हर!" असं एकाने जाहीर केलं आणि जमलेल्या मंडळींनी पोह्यावर जिरावण भुरभुरत एकमेकांकडे संशयाने पाहिलं. त्यांत असे तिघे होते, ज्यांना स्वतःच्या फाटकातून मोटार बाहेर काढताना बायकोला रस्त्यात उभं करावं लागतं.

हा साडेसात टनांचा आकडा मोठा गमतीचा आहे. 2021 च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये ट्रक ड्रायव्हरांचा इतका तुटवडा पडला की पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तिथल्या सरकारने हेवी गाडीचं लायसन्स असलेल्या सुमारे दहा लाख लोकांना पत्रं धाडली, की बाबांनो, पुन्हा स्टेअरिंगवर या. ती पत्रं तिथे राहणाऱ्या काही जर्मनांनाही गेली. कारण 1999 पूर्वीच्या जर्मन लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचा ट्रक चालवायची मुभा आपसूक असते, आणि सरकारी यादीत त्यामुळे हे सगळे मुरलेले ट्रकवाले दिसत होते. आयुष्यात कधी टेम्पोसुद्धा न चालवलेली माणसं ते पत्र हातात धरून बायकोकडे बघत राहिली असतील. साडेसातीला देशाच्या सीमा नसतात.

तुटवडा आपल्याकडेही आहे. देशात बावीस लाख ड्रायव्हर कमी आहेत असं नितीन गडकरी भाषणांत सांगत असतात. साडूंनी हा मुद्दा घरात फार चातुर्याने वापरला. "मंत्री मराठी, सरन्यायाधीश मराठी. मधल्या मध्ये मालच तेवढा कोणी मराठी माणूस नेत नाही."

आता सुदामा नगराला ट्रकची किंमत अगदीच माहीत नव्हती असं नाही. 2024 च्याच 1 आणि 2 जानेवारीला हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या खड्या केल्या, तेव्हा इंदूरच्या पंपांवर जी झुंबड उडाली तीत मीही स्कूटर घेऊन उभा होतो. पेट्रोल हे नळासारखं जमिनीखालून येतं अशी माझी जी अंधुक समजूत होती ती तेव्हा दूर झाली. त्याच दिवसांत जवळच्या शाजापूरला बैठकीत एका ड्रायव्हरला कलेक्टरसाहेबांनी त्याची औकात विचारली. दुसऱ्या दिवशी साहेबांची उचलबांगडी झाली. ड्रायव्हरला लायकी विचारण्याचा अधिकार तेव्हापासून फक्त सासरवाडीकडे उरला आहे.

ताईंनी, म्हणजे साडूंच्या पत्नीने, सुरुवातीला तोंड फुगवलं होतं. मग त्यांच्या मुलीने त्यांना योगिता रघुवंशींची मुलाखत दाखवली. जन्म आपल्या नंदुरबारचा, घर भोपाळला, हातात वकिलीची पदवी. पती गेल्यावर पदरी दोन मुलं, आणि वकिली जम बसायला वर्षं घेते, पोट तेवढं थांबत नाही. म्हणून बाईंनी ट्रक हातात घेतला आणि पुढे चौदा चाकी गाडी देशभर फिरवली. ताईंनी ती मुलाखत दोनदा पाहिली. नंतर त्या साडूंना म्हणाल्या, "ती वकील असून चालवते. तुम्ही तर नुसते एम.कॉम." आमच्याकडे याला संमती म्हणतात.

सासूबाईंची संमती एअर कंडिशनरने मिळाली. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. ही बातमी कोणीतरी त्यांच्या कानावर घातली आणि त्यांचा सूर पालटला. "एसीत बसून काम आहे म्हणे," असं त्या अथर्वशीर्षाच्या वर्गात सांगू लागल्या. कशाचं काम, ते त्या ओघात राहून जायचं.

कायदा आणि सासर दोन्हीकडून वाट मोकळी झाली तरी साडूंनी साडेसात टनांवर समाधान मानायला नकार दिला. त्यांना दहा चाकी हवा होता. अठ्ठावीस टनांच्या वर वजन असतं त्याचं, सगळं धरून. त्यासाठी रीतसर ट्रान्सपोर्टचं लायसन्स लागतं. पूर्वी याला आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये सरकारने काढून टाकायचं ठरवलं. साडूंना याचं वाईट वाटलं. एम.कॉम.चा कुठे तरी उपयोग होईल अशी ती शेवटची जागा होती.

डॉक्टरी तपासणी मात्र आहे. चाळिशीपुढच्या माणसाला ती तशीही सुटत नाही. पंचवीस मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, हा त्यातला प्रश्न. आमच्या डॉक्टरांनी साडूंना दवाखान्याच्या गच्चीवर नेलं आणि खाली उभ्या गाड्यांकडे बोट दाखवलं. साडूंनी धडाधड नंबर सांगितले. शिवाय ही कोणाच्या जावयाची, ती केव्हापासून खडी आहे, आणि त्या पांढरीचे किती हप्ते बाकी आहेत, तेही. यांची नजर चांगली आहे की स्मरणशक्ती, हे डॉक्टरांना ठरवता येईना. त्यांनी दोन्ही चांगलं लिहून टाकलं.

मग शाळा. मान्यताप्राप्त केंद्रांसाठी 2021 मध्ये जे नियम आले त्यांत हेवी गाडीचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत 38 तासांचा ठरवला आहे. साडू पहिल्या दिवशी समास आखलेली वही घेऊन गेले. शिकवणारा सव्वीस वर्षांचा. साडू त्याला "सर" म्हणत, तो साडूंना "अंकलजी" म्हणे, आणि ट्रकच्या दुनियेत दोघांनाही जे म्हणायला हवं तो शब्द 'उस्ताद'; तो दोघांच्याही तोंडून निघेना. वर्गातली बाकीची पोरं विशी-बाविशीची होती. त्यांना मोबाइल हातात असल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. साडू पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारायचे. सुट्टीच्या वेळेला प्रश्न विचारणारा विद्यार्थी कुठल्याही वयात अप्रियच असतो.

त्यांची वही मी वाचली आहे. आमच्या घरात गेल्या काही वर्षांत आलेल्या पुस्तकांपेक्षा ती निश्चितच उपयोगी आहे. पहिल्या पानावर लिहिलं आहे: 'हवा भरल्याशिवाय गाडी हलत नाही.' ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, आणि हवेचा दाब पुरेसा नसेल तर स्प्रिंग चाकं आवळून धरते. म्हणून इंजिन सुरू करून काटा वर चढेपर्यंत गप्प बसायचं. तरुण मुलं इथे तडफडतात. सकाळी उठल्यावर चहा होईपर्यंत ज्यांना कोणी बोललेलं खपत नाही, त्या साडूंना ही व्यवस्था अत्यंत न्याय्य वाटली.

दुसऱ्या पानावर घाट आहे. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून गाडी सोडू नका. डिझेल वाचतं हा भ्रम आहे, कारण गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आजची इंजिनं डिझेल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये उलट सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. मानपूरच्या पुढे आग्रा-मुंबई रस्त्यावर गणपती घाट आहे. उतारावर ब्रेक न लागलेल्या ट्रकांनी तिथे वर्षानुवर्षं इतके बळी घेतले की 2024 च्या अखेरीस उतरणाऱ्या गाड्यांसाठी जवळजवळ नऊ किलोमीटरचा वेगळा रस्ता सुरू करावा लागला. त्या पानावर साडूंनी काही विनोद केलेला नाही, मीही करत नाही.

रिव्हर्सचं पान सर्वांत जास्त खोडलेलं आहे. मोटार मागे घेताना आपण मान वळवून मागच्या काचेतून बघतो. साडूंनी ट्रकमध्ये तशी मान वळवली, तेव्हा त्यांना केबिनची भिंत आणि त्यावर टांगलेली पाण्याची बाटली दिसली. ट्रकला मागचं जग फक्त दोन आरशांत असतं, आणि डावीकडचा आरसा हा डाव्या हाताने जेवण्याइतकाच सवयीचा भाग आहे. वळणाचंही तसंच. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापतात. म्हणून डावीकडे वळायचं तर आधी उजवीकडे जावं लागतं. हे साडूंच्या अंगात इतकं भिनलं की त्या महिन्यात ते स्कूटरवरूनही सेक्टरच्या कोपऱ्यावर आधी पलीकडच्या फुटपाथपर्यंत जायचे आणि मग सावकाश वळायचे. मागच्या सीटवर भाजीची पिशवी घेऊन ताई. चौकातले लोक थांबून वाट द्यायचे, कारण एवढ्या आत्मविश्वासाने चूक करणारा माणूस बहुधा सरकारी असतो.

लायसन्स मिळालं म्हणजे ट्रक मिळाला असं नाही. लाखो रुपयांची गाडी आणि तिच्यावरचा माल कोणी वहीतल्या नोट्स बघून हातात देत नाही. ट्रान्सपोर्ट नगरातल्या मालकाने साडूंना आधी एका जुन्या ड्रायव्हरबरोबर क्लीनर म्हणून पाठवलं. बावन्नाव्या वर्षी क्लीनर! क्लीनरने गाडीच्या पत्र्यावर थाप मारून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचं असतं. साडू पहिल्या दिवशी पत्र्यावर अशी टकटक करत होते, की उस्तादाने खाली डोकावून विचारलं, "अंदर कोई है क्या, अंकल?" टायरवर लोखंडी टॉमी मारून आवाज ऐकायचं काम मात्र त्यांना एका दिवसात साधलं. जोडटायरांमधला आतला टायर बसला असेल तर बाहेरून कळत नाही, आवाजावरून कळतं. मंडईत नारळ कानाशी धरून वाजवून बघण्यात ज्याची हयात गेली, त्याला यात शिकण्यासारखं काय?

आणि इथेच सगळा प्रकार उलटा फिरला. आम्ही समजत होतो की पन्नाशी ही या धंद्यातली अडचण आहे. मालकाच्या लक्षात आलं की ती पदवी आहे. तरुण ड्रायव्हरला जे वर्षानुवर्षं ओरडून शिकवावं लागतं ते साडूंच्यात जन्मजात नव्हे, वयोजात होतं. त्यांना ओव्हरटेक करायची इच्छाच होत नाही. आयुष्यभर लोक पुढे गेलेले बघायची सवय आहे. सरकारने मालवाहू गाडीला ऐंशीची मर्यादा घातली आहे, साडू पंचावन्नला समाधानी असतात. रात्री अकराला जेवून गाडी काढणाऱ्या पोरांना पहाटे तीनला डुलकी येते. साडू आठला झोपतात आणि तीनला त्यांना तशीही जाग आलेली असते. शहरात अवजड गाड्यांना दिवसा बहुतेक ठिकाणी नो एंट्री असते, आणि नेमक्या त्या वेळेत मध्यमवयीन माणसाला वामकुक्षी लागते. इतकं जुळणारं पत्रिकेतही जुळत नाही.

शिवाय कागद. गाडीतल्या कप्प्यात पोरांचे कागद तंबाखूच्या पुडीबरोबर नांदतात. साडूंची फाइल आहे, फाइलला अनुक्रमणिका आहे. ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. भिवंडीला जायला तीन दिवस मिळतात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मालकाला सर्वांत जास्त आवडलं ते 'एव्हरेज'. ट्रकच्या धंद्यात सर्वांत मोठा खर्च डिझेलचा. पहिल्या महिन्याचं एव्हरेज निघालं तेव्हा मालकाला वाटलं, अंकलने गाडी चालवलीच नाही, दुसऱ्या ट्रकवर घालून नेली.

स्वतंत्र गाडी मिळाल्यावर त्यांनी मला एकदा भिवंडीपर्यंत नेलं. राऊ सोडलं की ते गप्प झाले. घाट उतरताना ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मला रामरक्षा वाटली, पण ती वहीच्या दुसऱ्या पानाची उजळणी होती. खलघाटला नर्मदेच्या पुलावर मात्र खिडकीतून हात जोडून "नर्मदे हर" झालं. त्यांच्या परिक्रमेच्या संकल्पाचं काय झालं असं मी विचारलं. "महिन्यातून सहा-सात वेळा ओलांडतो," ते म्हणाले, "आता आणखी फेऱ्या कशाला?" जुलवानिया, सेंधवा, मग बिजासन घाट. सेंधव्याच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागायची ती गोष्ट आता जुन्या उस्तादांकडूनच ऐकायची. जीएसटी आलं, मग मध्य प्रदेशाने आरटीओचे नाकेही बंद केले. घाट उतरला की महाराष्ट्र.

इंदूरच्या मराठी माणसाला महाराष्ट्रात शिरताना आत काहीतरी हलतं. शिरपूरच्या अलीकडे साडूंनी काच खाली करून टपरीवाल्याला ठणठणीत मराठीत विचारलं, "काय भाऊ, चहा ताजा आहे का?" त्याने एमपी-09 ची पाटी पाहिली आणि उत्तर दिलं, "हां भैया, बिलकुल ताजा है." साडू पुन्हा मराठीत बोलले. तो पुन्हा हिंदीत बोलला. तीनशे वर्षांपूर्वी नर्मदेच्या उत्तरेला गेलेल्या फौजेचा हा माणूस परत आला होता आणि त्याला कोणी ओळखत नव्हतं. धुळ्याजवळच्या ढाब्यावर शेवभाजी आली, तेव्हा साडूंनी "शेव म्हणजे आमच्या इंदूरची" असं काही तरी सुरू केलं. पहिल्या घासानंतर त्यांना बोलता येईना. खानदेशाने हा वाद मिरचीने मिटवला.

आता सुदामा नगराविषयी. विरोध कधी मावळला ते कोणालाच सांगता यायचं नाही, पण सुरुवात सासऱ्यांपासून झाली हे नक्की. 1927 पासून धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, आणि सासऱ्यांना तिथे काही कागदांच्या झेरॉक्स द्यायच्या होत्या. पोस्टावर त्यांचा विश्वास नाही. "तुम्ही धुळ्यावरूनच जाता ना?" असं त्यांनी जावयाला विचारलं, तेव्हाचा त्यांचा स्वर मल्हाररावांच्या पदरी असलेल्या माणसाशी बोलावा तसा होता. मग कोणाला नाशिकची द्राक्षं हवी झाली. कोणाच्या मुलाचा कूलर मालेगावला पोचवायचा होता. गेल्या वर्षी ज्या बाईंनी "मुलीच्या लग्नाचा तरी विचार करायचा" असं ताईंना ऐकवलं होतं, त्यांनी परवा नवरीमुलीच्या सासरी द्यायच्या रुखवताचा खोकाच आणून ठेवला.

साडू नाही म्हणत नाहीत, पण डिस्पॅचचा माणूस कागदाशिवाय माल हलवत नाही. त्यांनी एक बिल्टीबुक केलं आहे. मी तिथे बसलेलो असताना शेजारच्या काकू नाशिकच्या लेकीसाठी लोणच्याची बरणी घेऊन आल्या. साडूंनी चष्मा लावला.

"नग किती?"

"एकच की रे. दिसत नाही का?"

"वजन?"

"पाच किलो. बरणीसकट."

"भाडं पेड की टू-पे? म्हणजे पैसे तुम्ही आत्ता देणार, की पोचल्यावर जावई देणार?"

काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. "जावई."

"मालाचा प्रकार? नाजूक लिहू की ज्वलनशील?"

"मागच्या वर्षी त्यांना फार झोंबलं होतं म्हणे," काकू अभिमानाने म्हणाल्या. "ज्वलनशील लिही."

साडूंनी पेन खाली ठेवलं. "मग मला नेता येणार नाही, काकू. ज्वलनशील मालाला लायसन्सवर वेगळी नोंद लागते. त्याचा कोर्स वेगळा असतो, तो मी अजून केलेला नाही."

"बरं बाबा," काकू म्हणाल्या, "मग नाजूक लिही. आणि कोर्स कधी करतोस ते सांग, पुढच्या महिन्यात मसाला पाठवायचाय."